हद्दीपलीकडे पडलेले झाड : शेजाऱ्याचा हक्क आणि आपले उत्तरदायित्व

माणसावर दोन प्रकारचे हक्क असतात. एक अल्लाहचे हक्क आणि दुसरे त्याच्या दासांचे हक्क, ज्यांना हुकूकुल इबाद म्हणतात. नमाज, रोजा यांत राहिलेली उणीव अल्लाह आपल्या कृपेने माफ करू शकतो; परंतु एखाद्या माणसाचा हक्क बुडविला असेल, तर तो परत केल्याशिवाय किंवा त्या माणसाने मनापासून माफ केल्याशिवाय सुटका नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही हक्क म्हटले की मोठी मालमत्ता, वारसा, व्यापारातील भागीदारी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शेजाऱ्याच्या अंगणात पडलेले आपले झाड हाही या हक्कांचाच विषय आहे, याकडे लक्ष जात नाही.

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका सागवानाच्या जंगलांसाठी आणि पैनगंगेच्या खोऱ्यासाठी ओळखला जातो. येथे झाड केवळ सावलीसाठी नसते. शेताच्या धुऱ्यावरचा साग हा मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या छपरासाठी राखून ठेवलेला ठेवा असतो. परसातला कडुनिंब, चिंच किंवा आंबा दोन-तीन पिढ्यांनी जपलेला असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वारा सुटतो, पावसाळ्यात जमीन भिजून मुळे सैल होतात आणि असे एखादे झाड हद्द ओलांडून पलीकडे कोसळते. कोणाचे टिनाचे पत्रे वाकतात, कोणाची भिंत पडते, कोणाच्या उभ्या कपाशीच्या चार ओळी मोडतात. मग प्रश्नांची मालिका सुरू होते. नुकसान कोणी भरावे? लाकूड कोणाचे? ते उचलण्याचा खर्च कोणाचा? आणि या प्रश्नांच्या मागोमाग जुनी उणीदुणी निघतात, बोलणे बंद होते, ईदच्या शीरखुर्म्याची वाटी पलीकडे जाणे थांबते.

या अभ्यासलेखात शरीअतने अशा प्रसंगी कोणते नियम दिले आहेत, ते क्रमाने पाहावयाचे आहेत.

शेजारी कोण?

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामधील आयत ३६ मध्ये अल्लाहच्या भक्तीचा आदेश आहे, आणि त्याच आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ व गरजू यांच्यासोबत नात्यातील शेजारी, परका शेजारी आणि सहवासातील सोबती यांच्याशी सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे. भक्ती आणि शेजारधर्म एकाच आयतीत यावेत, हा योगायोग नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, जिब्रईल (अ.) शेजाऱ्याबद्दल इतक्या वेळा ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसाहक्कातही वाटा मिळेल की काय, असे आपल्याला वाटू लागले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

हा हक्क शेजारी कोणत्या धर्माचा आहे यावर अवलंबून नाही. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे मांस पाठविले की नाही, हे त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले आणि त्याच वेळी जिब्रईल (अ.) यांच्या ताकिदीची हीच हदीस सांगितली. किनवटसारख्या भागात आपल्या धुऱ्याला धुरा लागून असलेले शेत गोंड, बंजारा, मराठा किंवा बौद्ध बांधवाचे असू शकते. खाली येणारा प्रत्येक नियम त्याच्या बाबतीतही तितकाच लागू आहे, हे प्रथमच लक्षात घ्यावे.

दोष कोणाचा? झुकलेल्या भिंतीचा नियम

इस्लामी न्यायशास्त्रात म्हणजे फिक्हमध्ये या प्रश्नाचे मूळ झुकलेल्या भिंतीच्या प्रकरणात सापडते. इमाम बुरहानुद्दीन मर्गिनानी (मृत्यू इ.स. ११९७) यांच्या ‘हिदाया’ या प्रसिद्ध हनफी ग्रंथात त्यावर स्वतंत्र चर्चा आहे. तिचे सार असे :

एखाद्याची सरळ बांधलेली भिंत नंतर झुकली आणि पडून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर केवळ मालक असल्यामुळे तो जबाबदार ठरत नाही. कारण त्याने स्वतः काही केलेले नाही. परंतु भिंत झुकल्यावर ज्याला धोका आहे त्याने मालकाला ती उतरवून घेण्यास सांगितले, मालकाला तसे करण्याइतका वेळ मिळाला आणि तरीही त्याने ती तशीच ठेवली, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. मागणी करणे ही अट आहे. तिला साक्षीदार ठेवणे हे पुढे नाकारले जाऊ नये यासाठी आहे. भिंत शेजाऱ्याच्या घराकडे झुकली असेल, तर मागणीचा अधिकार त्या घरात राहणाऱ्याचा. सार्वजनिक रस्त्याकडे झुकली असेल, तर तो कोणाही वाटसरूचा. शेजाऱ्याने स्वतःहून मुदत दिली असेल, तर त्या मुदतीत झालेल्या नुकसानीबद्दल मालकाला धरता येत नाही. मात्र भिंत मुळातच वाकडी बांधली असेल, तर सूचनेचीही गरज नाही. मालक पहिल्यापासून जबाबदार आहे.

उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्या कलम ९२८ मध्ये हाच नियम आला आहे.

आता हा नियम झाडाला लावून पाहा. हिरवे, निरोगी झाड वादळात उन्मळून शेजाऱ्याच्या छपरावर पडले, तर तो अल्लाहच्या इच्छेने घडलेला प्रसंग आहे. झाडाच्या मालकाला दोषी ठरविता येत नाही. परंतु झाड वाळले आहे, वाळवीने बुंधा पोखरला आहे, शेजाऱ्याने येऊन सांगितले आहे, दोन माणसांनी ऐकले आहे, आणि मालकाने पुढच्या महिन्यात बघू म्हणत दोन पावसाळे काढले, तर पडलेल्या पत्र्यांची भरपाई त्याच्यावर येते. तेव्हा वाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तसेच स्वतः झाड तोडताना दोर न बांधता, अंदाज न घेता ते पलीकडे पाडले, तर ते त्याचे स्वतःचे कृत्य आहे. तेथे सूचनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

या नियमात शेजाऱ्यालाही एक जबाबदारी दिलेली आहे. धोका दिसत असताना मनात राग धरून गप्प बसणे आणि झाड पडल्यावर आपल्याला हे आधीच माहीत होते असे म्हणणे शहाणपणाचे नाही. वेळेवर, नम्रपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगणे हा त्याचा हक्क आहे आणि शेजाऱ्यावर उपकारही आहे. आजच्या काळात मोबाइलवर पाठविलेला साधा संदेशही साक्षीचे काम करतो.

लाकूड कोणाचे, जमीन कोणाची?

झाड पलीकडे पडल्यामुळे त्याची मालकी बदलत नाही. लाकूड मूळ मालकाचेच राहते. आपल्या जमिनीत पडले म्हणून ते आपले, असे म्हणून शेजाऱ्याने ते कापून नेले, विकले किंवा जाळले, तर तो दुसऱ्याच्या मालाचा अपहार आहे. फळांचेही तसेच. धुऱ्यावरच्या आंब्याची फळे पलीकडे पडली, तरी ती झाडवाल्याची आहेत. पडलेली फळे उचलण्यास तेथील रीतीप्रमाणे कोणी हरकत घेत नसेल किंवा मालकाने परवानगी दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

त्याचबरोबर जमिनीची मालकीही बदलत नाही. लाकूड आपले असल्याने ते महिनोन्महिने दुसऱ्याच्या शेतात पडू द्यावे, त्याची पेरणी अडवावी, परवानगीशिवाय बैलगाडी किंवा ट्रॅक्टर त्याच्या पिकातून न्यावा, असा अधिकार मालकाला मिळत नाही. लाकूड हटविणे हे मालकाचे काम आहे. त्यासाठी वाट देणे हे शेजाऱ्याचे सौजन्य आहे. एकाने हटविण्यास विलंब करू नये आणि दुसऱ्याने वाट अडवू नये.

पुष्कळदा वाद लाकडाचा नसून धुऱ्याचा असतो. झाड नेमके कोणाच्या हद्दीत उभे होते, हेच ठाऊक नसते. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. जमिनीच्या खुणा बदलणाऱ्यावर अल्लाहचा धिक्कार असल्याचेही सहीह मुस्लिममध्ये आले आहे. पडलेल्या झाडाच्या खड्ड्यात नवे रोप लावताना ते हातभर पलीकडे सरकविणारा माणूस लाकडाच्या मोहात कोणते ओझे उचलीत आहे, याचा त्याने विचार करावा.

फांद्या आणि सावली

झाड पडण्यापूर्वी अनेकदा फांद्यांचा वाद झालेला असतो. मजल्लाचे कलम ११९६ सांगते की, एखाद्याच्या झाडाच्या फांद्या शेजाऱ्याच्या घरावर किंवा बागेवर आल्या, तर शेजारी त्या बांधून मागे घ्यायला किंवा तोडायला लावू शकतो. परंतु झाडाच्या सावलीने पिकाला त्रास होतो, एवढ्या कारणावरून झाडच तोडण्याची मागणी त्याला करता येत नाही. इमाम इब्ने कुदामा (मृत्यू इ.स. १२२३) यांनी ‘अल-मुग्नी’ या हंबली ग्रंथात याहून बारीक विचार केला आहे. मालकाने फांदी काढण्यास नकार दिला, तर शेजारी ती स्वतः दूर करू शकतो. परंतु खर्च व तोडफोड न करता ती वळविता येत असेल, तर तोडणे वैध नाही, आणि तोडल्यास भरपाई द्यावी लागेल. त्यांनी उपमा दिली आहे ती जनावराची : दुसऱ्याचे जनावर आपल्या घरात शिरले, तर त्याला हाकलावे, मारून टाकू नये.

दोन्ही ठिकाणी मोजमाप एकच आहे. त्रास जितका आहे, तितकाच उपाय करावा. प्रेषितांच्या (स.) शिकवणीतून फुकहांनी, म्हणजे न्यायशास्त्रज्ञांनी, हाच मूलभूत नियम घेतला आहे की, कोणी कोणाला इजा पोहोचवू नये आणि इजेचा बदला इजेनेही घेऊ नये.

हक्क आहे, पण त्याचा वापर कसा?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात झाडावरून झालेला शेजाऱ्यांचा एक वाद नोंदलेला आहे. ह. समुरा बिन जुंदुब (रजि.) यांची खजुराची झाडे एका अन्सारी माणसाच्या बागेत होती. तो अन्सारी तेथे कुटुंबासह राहत असे. समुरा आपल्या झाडांकडे येत-जात असत आणि त्यामुळे त्या कुटुंबाची अडचण होई. अन्सारीने झाडे विकत मागितली, समुरांनी नाकारले. दुसरीकडे बदल्यात झाडे देऊ केली, तेही नाकारले. प्रकरण प्रेषितांपुढे (स.) गेले. त्यांनी प्रथम विकण्यास सांगितले, मग बदलून घेण्यास, आणि शेवटी पुण्याची आशा दाखवून ती दान करण्यास सुचविले. तिन्ही पर्याय नाकारले गेल्यावर प्रेषितांनी (स.) समुरा हे दुसऱ्याला इजा पोहोचवीत आहेत, असा निर्णय दिला आणि अन्सारीला ते झाड उपटण्यास सांगितले. या रिवायतीच्या साखळीबद्दल काही हदीसतज्ज्ञांनी प्रश्न उपस्थित केला आहे. परंतु तिच्यातून निघणारा नियम इतर प्रमाणांनीही सिद्ध आहे.

येथे समुरांची मालकी कोणीच नाकारली नव्हती. झाडे त्यांचीच होती. चूक होती ती प्रत्येक वाजवी तोडगा फेटाळण्यात. हक्काचा उपयोग शेजाऱ्याला छळण्यासाठी होऊ लागला की, शरीअत त्या हक्काला मर्यादा घालते. हेही लक्षात घ्यावे की, झाड उपटण्याचा निर्णय सर्वांत शेवटी आला. त्याआधी तीन दारे उघडी ठेवली गेली होती. आणि तो निर्णय न्यायासनाने दिला, शेजाऱ्याने रात्री कुऱ्हाड घेऊन स्वतः अमलात आणला नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट दिशेने जातो. मुसनद अहमदमध्ये ह. अनस (रजि.) यांच्याकडून आलेली ही रिवायत आहे. एका माणसाला आपली भिंत बांधावयाची होती आणि त्यासाठी त्याला दुसऱ्याचे खजुराचे झाड हवे होते. प्रेषितांनी (स.) मालकाला ते देण्यास सांगितले आणि बदल्यात जन्नतमधील झाडाचे आश्वासन दिले, तरी त्याने नकार दिला. ते झाड त्याचे होते, म्हणून त्याच्यावर सक्ती झाली नाही. तेव्हा ह. अबू दहदाह (रजि.) पुढे आले. आपली संपूर्ण बाग देऊन त्यांनी ते एक झाड विकत घेतले आणि प्रेषितांच्या (स.) स्वाधीन केले. त्यांच्या पत्नीने बाग सोडताना कुरकुर केली नाही. उलट हा सौदा फायद्याचा झाला, असे म्हटले. दोन माणसांचा तंटा मिटविण्यासाठी तिसऱ्याने आपल्या पदरचे दिले, याकडे मोहल्ल्यातील जाणत्या मंडळींनी विशेष लक्ष द्यावे.

भरपाई कशी असावी?

सूरह अल्-अंबियाच्या आयत ७८ व ७९ मध्ये ह. दाऊद (अ.) आणि ह. सुलैमान (अ.) यांच्यापुढे आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. रात्री काही लोकांच्या शेळ्यामेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरून चरल्या होत्या. भाष्यकारांनी सांगितल्याप्रमाणे दाऊद (अ.) यांनी जनावरे शेतमालकाला देण्याचा निर्णय दिला. सुलैमान (अ.) यांनी सुचविले की, जनावरे काही काळ शेतमालकाकडे राहावीत, त्याने त्यांचे दूध व लोकर घ्यावी, दरम्यान जनावरांच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे आणि मग ज्याचे त्याला परत मिळावे. कुरआन सांगतो की, या प्रकरणाची जाण अल्लाहने सुलैमान (अ.) यांना दिली, आणि विवेक व ज्ञान दोघांनाही दिले होते.

भरपाईचा हेतू मोडलेले पुन्हा उभे करणे हा आहे, समोरच्याला उद्ध्वस्त करणे नव्हे. चार पत्रे वाकले असतील, तर चार पत्र्यांची किंमत मागावी. त्या निमित्ताने संपूर्ण छप्पर नवे करून घेऊ नये. झाडवाल्याजवळ रोख रक्कम नसेल, तर लाकडाचा काही भाग, दोन दिवसांची मजुरी किंवा हंगामानंतरची मुदत, असा तोडगा परस्परसंमतीने काढता येतो. वादळानंतर तलाठी पंचनाम्यासाठी येतात, तेव्हाही हीच मर्यादा पाळावी. आधीच पडलेली भिंत वादळात पडली असे सांगून सरकारी मदत घेणे, हे खोट्या साक्षीत मोडते.

देशाचा कायदा

पडलेल्या किंवा धोकादायक झाडाला हात लावण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे विनियमन करणारा १९६४ चा अधिनियम आहे. साग, आंबा, चिंच, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नागरी भागासाठी १९७५ चा वृक्ष जतन अधिनियम आहे, म्हणून किनवट शहरात राहणाऱ्यांनी नगरपरिषदेकडे अर्ज करावा. सागासारखे इमारती लाकूड वाहून नेण्यास वनविभागाचा परवाना लागतो. झाड विजेच्या तारांवर पडले असेल, तर प्रथम महावितरणला कळवावे. तोवर कोणीही जवळ जाऊ नये. कायद्याचे पालन हा आपण नागरिक म्हणून केलेल्या कराराचा भाग आहे, आणि करार पाळणे हा ईमानचा भाग आहे.

न्यायालयात जिंकलेला दावा

इतके करूनही मतभेद राहिले, तर सुलह म्हणजे समेट हा पहिला मार्ग आहे. सूरह अल्-हुजुरातच्या आयत ९ व १० मध्ये भांडणाऱ्यांत न्यायाने समेट घडविण्याची आज्ञा आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केलेली एक-दोन विश्वासू माणसे बसवावीत. शेजारी मुस्लिमेतर असेल, तर त्याच्या विश्वासातील माणूसही असावा. ठरले ते कागदावर लिहून घ्यावे.

न्यायालयात जाणे निषिद्ध नाही. परंतु बुखारीमध्ये ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस मनात असू द्यावी. प्रेषितांनी (स.) सांगितले की, आपण मनुष्य आहोत, वादात एखादा दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे बोलतो आणि त्याप्रमाणे निर्णय दिला जातो, पण अशा निर्णयाने ज्याला आपल्या भावाचा हक्क मिळाला, त्याला आगीचा तुकडा मिळाला. स्वतः प्रेषितांच्या (स.) निकालाने जर परक्याचा माल हलाल होत नसेल, तर चांगला वकील व तयार केलेला साक्षीदार यांच्या जोरावर मिळविलेल्या सागाच्या ओंडक्याचे काय?

आणि जिभेचे नुकसान तर मोजतच नाही आपण. नमाज, रोजा व दानधर्म यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, पण जिभेने शेजाऱ्यांना दुखविणाऱ्या स्त्रीबद्दल ती आगीत जाईल, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे मुसनद अहमदमध्ये आहे. पत्र्याची किंमत देता येते. चारचौघांत काढलेल्या शिवीची भरपाई क्षमा मागितल्याशिवाय होत नाही.

आपल्या बाजूचा नियम वाचा

या सर्व विवेचनाचा व्यवहारात उपयोग एका अटीवरच होईल. वाद सुरू झाला की, झाडवाला अल्लाहच्या इच्छेचा नियम पुढे करतो आणि शेजारी भरपाईचा. दोघेही शरीअतच बोलत असतात, पण प्रत्येक जण समोरच्याचे कर्तव्य वाचून दाखवीत असतो. हे उलट व्हावयास हवे. झाडवाल्याने स्वतःला विचारावे : मला सांगण्यात आले होते का? वेळ होता का? मी टाळले का? आणि शेजाऱ्याने विचारावे : मी सांगितले होते का? झाड निरोगी नव्हते का? मी मागतो ते नुकसानीइतकेच आहे का?

सूरह अन्-नहलच्या आयत ९० मध्ये अल्लाहने अद्ल म्हणजे न्याय आणि एहसान म्हणजे न्यायापलीकडचे सौजन्य, या दोहोंची आज्ञा दिली आहे. न्यायाने झाडवाला कदाचित एका पैशालाही बांधील नसेल. तरी पाऊस घरात येत असताना शेजाऱ्याच्या छपरावर ताडपत्री टाकण्यास सर्वप्रथम त्यानेच धावले पाहिजे. शेजाऱ्याला पूर्ण भरपाईचा हक्क असेल. तरी समोरच्याची ऐपत पाहून त्यातील काही सोडून देणे त्याच्या हाती आहे, आणि त्याचे मोल अल्लाहजवळ आहे.

घरात चर्चा करण्यासाठी

१. आपल्या परसात किंवा धुऱ्यावर असे झाड आहे का, ज्याची शेजाऱ्याला धास्ती वाटते? त्याबद्दल त्याने कधी सांगितले होते का?
२. झुकलेल्या भिंतीच्या नियमात सूचनेला एवढे महत्त्व का दिले असावे?
३. अबू दहदाह (रजि.) यांच्या जागी आज आपल्या मोहल्ल्यात कोण उभे राहू शकेल?

अल्लाह आपणा सर्वांना दासांचे हक्क ओळखण्याची व ते याच जगात चुकते करण्याची सद्बुद्धी देवो, आणि आपल्या शेजाऱ्यांना आपल्या हातापासून व जिभेपासून सुरक्षित ठेवो. आमीन.